कानपिळीचा कोट

पेणकरपाड्यात माझं टेलरिंगचं दुकान आहे, फक्त पुरुषांचं. बत्तीस वर्षं झाली. बाई ब्लाउजपीस घेऊन आली की मी तिला पलीकडच्या गल्लीत पाठवतो. कुणी रेडिमेड पँट आखूड करायला आणली, तर आधी दोन शब्द ऐकवतो आणि मगच टेप उचलतो. मास्तर खडूस आहे असं सगळा पाडा म्हणतो, आणि ते काही खोटं नाही. नाव कमळाकर, पण ते फक्त लाइटबिलावर.

चांदणीचं माप मी ती पहिलीत होती तेव्हापासून घेतोय. तेव्हा ती केतन होती, धर्माशेठचा धाकटा मुलगा. धर्माच्या वडिलांनी जन्मभर मिठागरात घाम गाळला, धर्माचे आता पाण्याचे टँकर चालतात. घरात बायको शालन, मोठी मुलगी हेमाली आणि हा केतन. दर जूनला शाळेचा गणवेश, दर दिवाळीला एक जोड. माझ्या वहीत त्याचं वेगळं पान होतं आणि दरवर्षी त्यात आकडे वाढत गेले. पुढे तो पूनम सागरला एका चष्म्याच्या दुकानात कामाला लागला. छाती सदतीस, कंबर एकतीस, सीट छत्तीस, खांदा साडेसतरा. तिथे ते पान थांबलं असं मला वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी तो एक पँट घेऊन आला. म्हणाला, सीटला दाटतेय आणि कमरेला ढिली आहे. आता पुरुष सुटतो तो आधी पोटाला, हे मी बत्तीस वर्षं बघतोय. मी चिडवलं, “काय रे, बसून बसून बूड वाढलं वाटतं?” तो हसला नाही. चार महिन्यांनी पुन्हा तेच. मग शर्ट शिवायला आला, मी छातीला टेप लावला, तसा तो कळवळून मागे सरला.

“दुखतं, काका.”

“लागलंय का?”

“नाही. वाढतंय म्हणून दुखतं.”

दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. तिने मला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. आपण मुलगा नाही, हे तिला लहानपणापासून कळत होतं. कांदिवलीच्या एका डॉक्टरांकडे वर्षभर जात होती. आधी मानसोपचारवाल्या बाईंशी बोलणं, मग रक्ताच्या तपासण्या, मग गोळ्या आणि कातडीला चोळायचं जेल. दर तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. नाव तिने चांदणी ठेवलं होतं. “एकदम नाही होत काका. दोन-तीन वर्षं लागतात, कधी जास्तच.”

मी गडबडलो की खेकसतो. म्हटलं, “माझं काम कापडाचं. आतल्या माणसाचं मला काही सांगू नकोस.” ती उठून गेली. नंतर दिवसभर मला माझीच लाज वाटत राहिली. आतल्या माणसाशिवाय कापडाला काय किंमत असते? ते तर खुंटीवर लोंबकळतं नुसतं. पंधरा दिवसांनी मीच निरोप धाडला, की कपडे तयार आहेत, येऊन ट्रायल दे, चांदणी.

तेव्हापासून ते पान पुन्हा भरू लागलं. छाती साडेअडतीस. सीट साडेएकोणचाळीस. कंबर उलट एक इंच कमी. दंड बाराचा पावणेअकरा, पाण्याचा जार उचलताना तिचे हात थरथरायचे. चेहरा गोल होत गेला, कातडी मऊ. सीटचा आकडा मी मोठ्याने वाचला की ती लहान मुलासारखी हसायची. पण मग म्हणायची, “खांदा?” मी म्हणायचो, साडेसतरा. “परत मापा ना.” परत साडेसतरा. हाडं काही गोळ्यांचं ऐकत नाहीत, हे डॉक्टरांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तरी ती दर वेळी विचारायची. आरशापुढे उभी राहून खांदे आत ओढून घ्यायची. “खाली बाई, वर बुवा,” असं एकदा स्वतःलाच म्हणाली आणि डोळे पुसले. मी तिला चहा पाजला. दुसरं मला काय येतं?

घरी कळलं ते गणपतीत. आरास करताना ती घामाने भिजली, सदरा अंगाला चिकटला आणि धर्माला दिसायचं ते दिसलं. तो चारचौघांत ओरडला, “मना एक पोरगा हाय. ह्यो असला तमाशा माज्या घरान न्हाय.” ती त्याच संध्याकाळी पिशवी भरून निघाली आणि ममता नावाच्या मैत्रिणीसोबत पूनम सागरला राहू लागली. शालन महिन्यातून दोनदा धर्माचा एखादा सदरा काज करायच्या निमित्ताने माझ्याकडे यायची. पिशवीत डबा असायचा, सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, मी चांदणीला फोन करायचो. मायलेकी माझ्या कटिंगच्या टेबलामागे बसून जेवायच्या आणि मी दुकानाच्या दाराशी उभा राहून आल्या-गेल्यावर उगाच डाफरायचो.

मग हेमालीचं लग्न ठरलं, वरसाव्याच्या भूपेशशी. आणि हेमालीने बापाला स्पष्ट सांगितलं, कानपिळी माझ्या भावंडानेच करायची, नाहीतर मी मांडवात पाय ठेवणार नाही.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या लग्नात होमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असा त्याचा अर्थ. लोक हसतात, नवरदेव खोटं खोटं ओरडतो, भावाला कपडे मिळतात. दोन मिनिटांचा खेळ. पण सख्खा भाऊ असताना तो चुलतभावाने केला, की जमलेल्या प्रत्येकाला कळतं, त्या घरात काहीतरी मोडलंय.

धर्मा माझ्या दुकानात आला, घरच्या पुरुषमंडळींच्या चार जोधपुरी कोटांचं एकाच रंगाचं कापड घेऊन. त्याच्या सांगण्यावरून मी चांदणीलाही बोलावून घेतलं होतं. आठ महिन्यांनी बापलेक समोरासमोर आली. धर्माने तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं, “मास्तर, त्याला सांग. लग्नापुरता एक दिवस केतन बनून ये. ताईचा मान राख. मंग घरी ये, कसापन ये, मी आडवनार न्हाय.”

“खरंच, बाबा?” ती म्हणाली.

“बोललो ना.”

मी ऐकलं. मी साक्षीदार आहे, म्हणून हे सगळं लिहितोय.

कोट कापताना मी चूक केली. धर्मा जाता जाता म्हणाला, त्याचा माप हाय तुज्याकडं, आणि मी वहीतल्या त्या पानावरचे वरचे, जुने आकडे घेतले. सदतीस, एकतीस, छत्तीस. खरं सांगायचं तर ती विसरभोळेपणाची चूक नव्हती. केतनचा कोट शिवायचा, तर केतनच्याच मापाने शिवायचा, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. चांगला कारागीर ना मी! ट्रायलला कोट खांद्यावर असा बसला, की बघत राहावं. आणि खाली एकही बटण लागेना.

धर्मा फोनवर म्हणाला, “गोल्या बंद करायला सांग म्हयनाभर. होल पयल्यासारखा.”

चांदणीने मान हलवली. “नाही होत तसं, काका. गोळ्या थांबवल्या तर सीट थोडी उतरेलही. पण छाती आली ती आली, ती परत जात नाही. आणि मी थांबवणार नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “आतून काहीतरी घट्ट शिवून द्या ना. एकच दिवस. मग मी माझ्या घरी.”

मी नाही म्हणायला हवं होतं. तिला टेप लागला तरी दुखायचं, हे मला माहीत होतं. पण तिच्या तोंडावर ‘माझ्या घरी’ म्हणताना जे आलं, ते बघून मी हो म्हणालो. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही. मी कॅनव्हास दुहेरी घेतलं, दोन्ही बाजूंना हूक लावले आणि बिनबाह्यांचं एक आतलं बंडी-जाकीट केलं. कोट शिवणींतून सोडून सैल केला, मांड्यांवर घेर असा दिला की खालचा आकार झाकला जावा. आठ दिवस दुसरं काम हातात धरलं नाही. बत्तीस वर्षांत इतकं सफाईदार काम मी केलं नव्हतं. ती घालून आरशासमोर उभी राहिली. छाती सपाट, कंबर सरळ. मी म्हटलं, “फर्स्ट क्लास!” ती नुसती आरशात बघत राहिली. मला वाटलं, काम आवडलं.

लग्न मे महिन्यात होतं, घोडबंदर रोडच्या हॉलवर. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि माझी नजर होमाकडे नव्हती, चांदणीच्या श्वासाकडे होती. तोकडे, वरवरचे श्वास. केस मागे चापून बसवले होते. भटजींनी भावाला बोलावलं. ती पुढे झाली, भूपेशचा कान धरून असा पिळला की तो खरंच ओरडला, आणि अख्खा हॉल हसला. हेमालीने तिचा हात धरून ठेवला, सोडेचना. धर्मा फोटोवाल्याला ओरडून सांगत होता, “माजा पोरगा काढ! माजा पोरगा!” म्हातारीकोतारी येऊन तिच्या तोंडावरून हात फिरवत होती, केतन कसा भरलाय गं म्हणत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. आणि तोंड दाबणारा कॅनव्हास माझ्या हातचा होता.

जेवणाच्या पंगती सुरू झाल्यावर ती मला स्वयंपाकाच्या बाजूला ओढत घेऊन गेली. “हूक काढा, काका. लवकर.” मी कोटाच्या आत हात घालून हूक सोडले. ती भिंतीला टेकून किती तरी वेळ नुसता श्वास घेत होती. काखेखाली कातडी सोलली होती, लाल पट्टे उठले होते. मला रडू आलं. मी तिची माफी मागितली, तर तीच माझ्या पाठीवर थोपटायला लागली. “ताईचं नीट झालं ना? बस. रविवारी मी घरी जातेय.”

सोमवारी सकाळी दुकान उघडतो न उघडतो, तर धर्मा हजर. हातात फोन, फोनवर मांडवातला फोटो. इतका खूश मी त्याला हेमालीच्या बारशालाही पाहिला नव्हता. “मास्तर, तुज्या हातान जादू हाय. ते आतला हाय ना, तसे अजून दोन शिव. पातल कापडाचे. रोज शर्टाच्या आतून घालाला.”

“एक दिवस म्हणाला होतास, धर्मा.”

“अरे, पन जमतंय ना त्याला! तू पायला ना? माजा केतन परत आला. सगली लोका बोलली. मंग रोज का न्हाय जमनार?”

तो रागावला असता तर मी भांडलो असतो, भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण तो हसत होता, डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला सांगितलं, की तिच्या अंगाची सालं निघालीत, की तू शब्द दिला होतास, मी इथे उभा होतो. त्याने ऐकलंच नाही. कापडाचा नमुना टेबलावर ठेवून गेला. मी तो कात्रीने चिरून बाहेर फेकला आणि दोन गिऱ्हाइकांना विनाकारण हाकललं.

संध्याकाळी चांदणी आली. निळा पंजाबी ड्रेस, कानात बारीक रिंगा. तोच घालून ती रविवारी घरी गेली होती. हातातल्या पिशवीत कोट होता, नीट घडी घातलेला.

“बाबा ओरडले नाहीत,” ती म्हणाली. “दार त्यांनीच उघडलं. माझ्याकडे बघितलं, आत गेले, लग्नानंतर आईकडे राहिलेला हा कोट आणला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, हे घालून ये पोरा, भाकरी थंड होतेय. प्रेमाने म्हणाले, काका. आई मागे उभी होती. मी उंबऱ्याबाहेर पाच मिनिटं उभी राहिले.”

“मग?”

“मग काय. निघाले.”

मी म्हटलं, मी येतो तुझ्यासोबत, धर्माला चारचौघांत विचारतो. तिने मान हलवली. कोट टेबलावर ठेवला आणि त्याच्या खांद्यावरून हात फिरवला.

“आधी त्यांना वाटत होतं, मुलगा गेला. त्यावर ते कधीतरी रडले असते, मग मला घरात घेतलं असतं. आता त्यांना वाटतं, मुलगा आहे, मीच त्याला घरी आणत नाही.” तिने माझ्याकडे पाहिलं. तिला राग आलेला नव्हता, आला असता तर बरं झालं असतं. “एवढं छान शिवायला नको होतं, काका.”