हिरव्या प्राण्याचं कुंकू
ओल्या गेरूचा वास आला की मला मंगळवार पेठेतलं आमचं दार आठवतं. लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. अंतराळातल्या गोष्टींच्या एका जुन्या कॉमिक्सचं मुखपृष्ठ माझ्या भारी आवडीचं होतं. तांबड्या ग्रहावर एका डोळ्याचा हिरवा प्राणी उभा होता आणि त्यानं आख्खं रॉकेट खेळण्यासारखं मुठीत धरलं होतं. यंदा दारात कमळ काढायचं नाही, हाच काढायचा, असं मी ठरवलं. दुपारभर गुडघ्यांवर बसून, चिमटीतनं हिरवी रांगोळी सोडत, त्याच्या अंगावरचे खवलेसुद्धा मी सोडले नाहीत. तिन्हीसांजेला आई पणत्या घेऊन बाहेर आली आणि ओरडलीच, "लक्ष्मी यायच्या वाटेवर असलं भूत काढत्यात व्हय? पूस आधी!" "पुसणार न्हाय," मी म्हणाले आणि हात पसरून रांगोळीपुढं उभी राहिले. आई तरातरा आत गेली. आता केरसुणी घेऊन येणार म्हणून मी पाय आणखी घट्ट रोवले. ती आली ती हळदीकुंकवाचा करंडा घेऊन. "सर बाजूला. रांगोळी बिनकुंकवाची ठेवायची नसती," म्हणत ती वाकली आणि त्या एकुलत्या डोळ्याच्या वर, बरोबर कपाळावर, तिनं हळदीकुंकू वाहिलं. आता मी विज्ञानकथांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं काढते. माझ्या प्रत्येक परग्रहवासीयाच्या कपाळावर तांबडा ठिपका असतो. "रंग चुकून सांडलाय का? काढून टाकू?" असा प्रकाशकांचा फोन दर वेळी येतो. मी सांगते, "पुसणार न्हाय."