मावशीचा जादा रकाना

अख्ख्या भोपाळमध्ये शिक्षणखात्याला न घाबरणारी एकच सरकारी शिक्षिका आहे आणि ती माझी मावशी आहे. मी शिक्षण चळवळीची पत्रकं वाचत, वाटत मोठी झाले. ‘शाळांचं उत्तरदायित्व’ हे शब्द ठळक अक्षरांत शंभरदा वाचले. ते चालताना-बोलताना पाहिले ते टी. टी. नगरच्या तिच्या शाळेतच.

फाटकावर ‘बारहवीं का परिणाम शत-प्रतिशत’ असा फलक लागला की मावशी खाली खडूने लिहिते, ‘और आगे?’ मुख्याध्यापक पुसतात, ती पुन्हा लिहिते. खात्याचा वार्षिक तक्ता विचारतो: मुली किती बसल्या, किती पास झाल्या, पंखे किती, नळ किती. पास झालेली मुलगी पुढे कुठे गेली, याला रकानाच नाही. मावशी पट्टीने तो आखते आणि प्रत्येक नावापुढे भरते: नर्सिंग, आयटीआय, बी.कॉम. तक्ता ‘प्रारूप में परिवर्तन न करें’ असा शेरा घेऊन परत येतो. मावशी शेऱ्याखाली सही करून तोच पुन्हा पाठवते. मामेभावाच्या लग्नात मेंदी काढणारी तिची जुनी विद्यार्थिनी निघाली, तेव्हा मावशीने मेंदीच्या ओल्या हातानेच आपल्या नोंदवहीत तिची नोंद केली. ते पान अजून केशरी आहे.

यंदा बारावी पास झालेल्या रेश्माचा रकाना रिकामा होता. कॉलेज प्रवेशाचा शेवटचा दिवस, रेश्मा शाळेच्या संगणकापुढे अर्ज भरून बसलेली, आणि ओटीपी गेला वडिलांच्या फोनवर. ते करोंद मंडीत धान्य तोलतात, फोन उचलत नव्हते.

“स्कूटर काढ,” मावशी मला म्हणाली.

मंडीत पोचताच ती लिलावाला काढलेल्या गव्हाच्या पोत्यांवर जाऊन बसली.

“मैडम जी, उठिए, बोली लगनी है!” रेश्माचे वडील गयावया करू लागले.

“बोली बाद में. पहले ओटीपी.”

“अगले साल देखेंगे न, मैडम.”

“मेरे कॉलम में ‘अगले साल’ नहीं लिखते, भैया.”

“अरे बता दे, यार!” एक व्यापारी ओरडला. “गेहूँ रुका पड़ा है!”

मावशीने रेश्माला फोन करून ओटीपी पुन्हा मागवायला लावला; वडिलांनी आपला फोन काढून नवे आकडे वाचले, मावशीने ते तिला कळवले. मग ते हळूच म्हणाले, “कॉलेज तक बस तो जाती है न?”

“पहले दिन मैं बैठाके आऊँगी.” आणि ती खरंच गेली.

मार्चमध्ये मावशी निवृत्त होतेय. परवा तिचा शेवटचा तक्ता आला. रकाना अर्थातच नव्हता. हल्ली तिची रेघ वाकडी जाते.

“पट्टी घट्ट धर गं,” ती म्हणाली. मी धरली. तिने रेघ ओढली, रेश्माच्या नावापुढे ‘बी.एससी.’ लिहिलं, पेनाला टोपण लावलं. पट्टी मात्र परत मागितली नाही.