तडजोड शुल्क

आमच्या कात्रजच्या सोसायटीत पोळीभाजीचे डबे करणारी मुक्ताई मूळची लातूरकडची. तिचे यजमान उत्तरेश्वर खराडीला एका इमारतीच्या परांचीवरून पडून गेले. ते पिऊन वर चढले होते, असं ठेकेदार सांगतो. उत्तरेश्वर माळकरी होते. दारूला जन्मात शिवले नाहीत. भरपाईची केस कोर्टात आहे. ठेकेदाराची माणसं अधूनमधून कागद घेऊन येतात. "वहिनी, तडजोड करून टाका, पैसे लगेच मिळतील." त्या कागदात खाली 'मयताच्या स्वतःच्या चुकीमुळे' असं लिहिलेलं असतं. म्हणून वकीलबाई प्रियदर्शनी यांनी तिला बजावून ठेवलंय, "तडजोड हा शब्द दिसला की सही करायची नाही."

गेल्या महिन्यात मंडईजवळच्या नो पार्किंगमधून तिची स्कूटर उचलून नेली. मी तिच्यासोबत चौकीवर गेले. हवालदारांनी पावती पुढे केली. मुक्ताई बोट ठेवून वाचते. 'तडजोड शुल्क' इथं बोट थांबलं.

"मी सही नाही करणार."

"का हो ताई? गाडी नकोय का?"

"गाडी हवीय. तडजोड नको."

"मग कोर्टात जावं लागेल."

"तिथं माझं चालूच आहे."

रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "आपलं पारायण झालं असेल तर जरा बाजूला होता का?"

ती बाजूला झाली, पण सही केली नाही. मी काय समजावणार? तो शब्द मलाच नीट कळला नव्हता.

मग डबे बसने जाऊ लागले. उशीर व्हायचा. वारज्याच्या दोन घरांनी डबा बंद केला, तेव्हा मीच तिला वकीलबाईंकडे नेलं. मी चौकीवर मोबाइलमध्ये काढलेला पावतीचा फोटो त्यांनी पाहिला.

"अहो, हा सरकारी शब्द आहे. दंड भरला की गाडीचं प्रकरण तिथंच मिटतं, कोर्टात जात नाही, एवढाच अर्थ. उत्तरेश्वरांच्या केसशी याचा काही संबंध नाही."

"नक्की?"

"नक्की."

मुक्ताईनं फोटोतल्या त्या शब्दावर पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाली, "याच्यात चूक कुणाची धरलीय?"

"तुमची. गाडी नको तिथं लावलीत ना."

"लावली होती. पाटी दिसली होती मला. माझी चूक माझ्या नावावर लिहू द्या. त्यांच्या नावावर नको."



चौकीवर तिनं पावती पुन्हा पहिल्यापासून वाचली. हवालदार म्हणाले, "आज मुहूर्त लागला वाटतं." तिनं दंड भरला, पूर्ण नाव लिहून सही केली आणि गाडी घेतली.

ठेकेदाराची माणसं परवा पुन्हा येऊन गेली. तिनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. केसची पुढची तारीख श्रावणानंतरची आहे. निकाल लागेल तेव्हा लागो, त्या भल्या माणसाच्या नावावरचा डाग पुसला जावा, एवढंच मी रोज दिवा लावताना देवाजवळ मागते.