नेम चुकलेला कॅप्टन

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. दिल्लीहून येताना विमानातून वसईची खाडी दिसली आणि उतरायची वेळ झाली म्हणून मी दिल्लीत वाटून उरलेल्या सुकेळ्यांची, आमच्याकडच्या सुकवलेल्या केळ्यांची, करंडी घेऊन उभाच राहिलो. सांताक्रूझची धावपट्टी अगदी खाली आली होती, तोच विमान गर्जत पुन्हा वर चढलं. मी करंडीसकट शेजाऱ्याच्या मांडीवर!

दुसऱ्या खेपेला अलगद उतरलो. दाराशी वैमानिक उभा होता. सडपातळ, टोपी काखेत. मी खवचटपणे म्हटलं, "कॅप्टनसाहेब, पहिल्यांदा नेम चुकला वाटतं?"

"चुकला ना! फार उंच राहिलो होतो, पट्टी पुरली नसती. म्हणून तर उतरलो नाही," तो सर्वांदेखत, पदक दाखवावं तशा ऐटीत म्हणाला.

उरलेली सुकेळी मी त्यालाच दिली. वसईजवळच्या आमच्या उमेळे गावात मात्र अजून छाती फुगवून सांगतो, "नेम चुकला हे कबूल करून आपल्या कॅप्टननं मला उतरवलं नाही!"