तळ्यातलं धान

बाबा गेले त्या वर्षी मी आईला भंडाऱ्याहून मिनेसोटात घेऊन आले. तेव्हा मी तळ्यांच्या पाण्यावर पीएचडी करत होते आणि फील्डवर्कला सोयीचं म्हणून उत्तरेकडच्या एका छोट्या गावात राहत होते. आई जेवायची, टीव्ही बघायची, विचारलं तेवढंच बोलायची. पूर्वी तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. तिला बोलतं कसं करावं, मला कळत नव्हतं.

शेजारी एक ओजिब्वे बाई राहायच्या. ओजिब्वे हे या तळ्यांच्या मुलखातले मूळ लोक. त्या शाळेत इतिहास शिकवून रिटायर झाल्या होत्या. हे कळल्यावर आई त्यांना ‘बाई’ म्हणू लागली, मग मीही.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी बाईंनी आम्हा दोघींना अंगणात बोलावलं. त्यांच्या पुतणीने तळ्यातून मनोमिन आणलं होतं. हा तळ्याच्या उथळ पाण्यात आपोआप उगवणारा जंगली तांदूळ. होडीत बसून काठीने कणसं झोडायची, बरेचसे दाणे होडीतच पडतात. बाई ते दाणे चुलीवरच्या काळ्या लोखंडी भांड्यात भाजत होत्या. वास थेट आमच्याकडच्या लाह्यांच्या भट्टीसारखा.

“हे भांडं माझ्या पणजीच्याही आधीचं,” बाई म्हणाल्या. “तळ्यातल्या बीव्हर प्राण्यांची कातडी देऊन घेतलेलं. तिकडे युरोपात त्यांच्या हॅट बनायच्या, इकडे आम्हाला भांडी, सुया, ब्लँकेट मिळायची.”

“आणि कातडी घेणारे ते व्यापारी हिवाळ्यात खायचे काय?” मी विचारलं.

“हेच. आमच्या बायकांकडून पोती भरून घ्यायचे, नाहीतर उपाशी मेले असते. मी शिकवायचे त्या पुस्तकात व्यापाऱ्यांची नावं होती, या बायकांचा उल्लेख नव्हता. तेवढं मी तोंडी सांगायचे.”

पुढे बीव्हर संपत आले. मग लाकूडवाले आले, त्यांनी ओंडके वाहून न्यायला बांध घातले. पाणी चढलं आणि कितीतरी तळ्यांतलं मनोमिन बुडालं. त्यांच्यामागून शेतकरी आले. बाई हे सगळं दाणे ढवळायचं वल्हं न थांबवता सांगत होत्या.

“जमिनी सरकारला सह्या करून द्याव्या लागल्या,” त्या म्हणाल्या. “पण आमचे म्हातारे एका गोष्टीवर अडून बसले. जमीन गेली तरी तिथला तांदूळ काढायचा हक्क आमचा. म्हणून तर पुतणी आज हे आणू शकली.”

मी आईला भाषांतर करून सांगत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. भाजलेले दाणे पुतणीने पायांनी तुडवले होते आणि बाईंनी बर्च झाडाच्या सालीचं सूप हातात घेतलं होतं. दोनदा उडवल्यावर त्यांनी खांदा धरला. आई उठली.

“द्या बाई इकडे.”

तिचं मराठी त्यांना कुठून कळणार, पण त्यांनी सूप दिलं. पहिल्यांदा बरेच दाणे गवतावर सांडले.

“याला तोंडच नाही,” आई वैतागून म्हणाली. आपलं सूप पुढून उघडं असतं, याला चारी बाजूंनी काठ होता. तिने वाऱ्याचा अंदाज घेतला, पाठ फिरवली आणि हलक्या हाताने पाखडू लागली. कोंडा उडून गेला, लांब काळपट दाणे मागे राहिले.

“अगं, हे तर धानच आहे,” ती मला म्हणाली. “बाईंना विचार, झोडताना पाण्यात पडतं ते वाया नाही का जात?”

“ते पुढच्या वर्षीचं बी,” बाई म्हणाल्या.

मग आईचं थांबेचना. आमच्याकडची धानाची रोवणी, माझ्या आजोबांच्या शेतातली बांधी, बाबांना आवडणारा जाड तांदूळ. बाबांचं नाव तिने कित्येक महिन्यांनी घेतलं होतं. मला भाषांतर करताना धाप लागत होती. मध्येच बाईंनी माझ्या हातात कॉफीचा कप दिला.

पुढे कधीतरी मी त्या दिवसाबद्दल बाईंचे आभार मानले.

“मला मदतीला माणूस हवं होतं,” त्या म्हणाल्या, “आणि तुझ्या आईचा हात चांगला आहे.”

आता मी नोकरीसाठी नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला असते आणि आई परत भंडाऱ्याला. परवा फोनवर तिने विचारलं, यंदा बाईंकडच्या तळ्यात पाणी किती आहे. मला माहीत नव्हतं. मी बाईंना कॉलवर घेतलं.