वावरात पालथी पडलेली माणसं

दिवाळीच्या सुटीतली गोष्ट. सकाळी डॉक्टरने सांगितलेलं चालणं उरकत मी खामगाव रस्त्याने निघालो होतो, तर धम्मदीपच्या वावरात मला तीन पाठी दिसल्या. एक लांब, दोन आखूड. सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून झालेल्या उघड्या रानात, धसकटांवर पोती अंथरून, तिघं ओळीने पालथी पडलेली. तोंडं उगवतीकडे, हनुवट्या जमिनीला टेकलेल्या. हालचाल शून्य.

मी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आवाज दिला, "काय करून राह्यला बे धम्मा?"

त्याने मान वळवली नाही. फक्त उजवा हात मागे उचलून पंजा दाखवला. थांबा.

आता मला सांगा, उंद्रीसारख्या गावात सत्तर वर्षं काढलेल्या माणसाला कोणी असा पंजा दाखवला, तर तो गप्प घरी जाईल काय? मी सरळ किसनरावच्या हॉटेलात गेलो.

पण त्याआधी धम्मदीप कोण ते सांगतो. उंच, वाळलेला, चाळिशीकडे झुकलेला गडी. दोन एकर कोरडवाहू, म्हातारी आई बेबीताई, आणि हंगामात हडंब्यावर काम. मळणीयंत्राला आमच्याकडे हडंबा म्हणतात. त्याच्या तोंडात दिवसभर पेंढ्या सारायच्या, भुसा नाकातोंडात घ्यायचा. त्या आवाजाने धम्मदीपचा डावा कान मंदावला आणि बोलणंही आटलं. बायको सारिका पोरांच्या शाळेसाठी अकोल्याला भावाकडे राहते, तिथेच शिवणकाम करते. म्हणजे हा इकडे, पोरं तिकडे. रोज संध्याकाळी पारावर उभा राहून हा पोरांना फोन करायचा. मी काही कान लावून ऐकत नाही, पण एक कान मंद असलेल्या माणसाचा फोन सगळ्या गावाला ऐकू येतो.

"जेवली काय?"

"हो."

"अभ्यास?"

"झाला."

"बरं."

आणि मग दोन्हीकडून नुसता श्वास. तरी हा मिनिटभर फोन कानाला धरून ठेवायचा.

तर पोरं सुटीत आली. महामाया अकरा वर्षांची, प्रसेनजित सात वर्षांचा. सोडायला मामा आला होता, राजकुमार. अकोल्यात विज्ञानाची शिकवणी घेतो. माणूस चांगला, पण बोलतो ते फळ्यावर लिहिल्यासारखं, खाली रेघ ओढून. किसनरावच्या हॉटेलासमोर गाडी उभी करून, आम्हा सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "भाऊजी, मागच्या वेळी पोरं दोन दिवसांत कंटाळली. इथे त्यांना करायला काही नाही, त्यात तुमची चूक नाही. पण आता ठरवू या. रविवारपर्यंत आठ दिवस राहिली तर ठीक. मध्येच फोन आला तर मी येऊन घेऊन जाईन, आणि उन्हाळ्यापासून सुट्या तिकडेच. शिबिरं असतात, पोहणं असतं."

आणि आपल्याकडचा एक जादा फोन त्याने महामायाच्या हातात दिला. पोरीने तो मुठीत असा धरला की जणू सुटकेची किल्ली.

धम्मदीप म्हणाला, "बरं."

किसनराव नंतर मला म्हणाला, "रामराव, पोरगी उद्याच फोन लावते पाहा." मी म्हणालो, "उद्या कायले? आज दुपारीच." आणि आम्ही खो खो हसलो. आज आठवलं की बरं वाटत नाही, पण हसलो हे खरं.

त्या दुपारी काय झालं ते मला प्रसेनजितने मागाहून सांगितलं. पोराने बापाला विचारलं, "पप्पा, इथे काय आहे?" बापाने चारीकडे पाहिलं. खोटं त्याला येत नाही. म्हणाला, "काई नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "चाल, ऐकू." वावराच्या खालच्या अंगाला उशिरा पेरलेला एक पट्टा सोंगायचा राहिला होता. पार वाळलेला. भर उन्हात तिघं त्या पट्ट्याच्या कडेला बसली, आणि थोड्याच वेळात सोयाबीन बोलायला लागलं. तड. मग लांब कुठे तड, तड. उन्हाने शेंग तडकते, पिळवटते आणि दाणे भिरकावते. याच भीतीने तर आम्ही सोयाबीन दवात, पहाटे सोंगतो. दुसरा कोणी शेतकरी असता तर ती तडतड ऐकून विळा आणायला धावला असता. हा बसून राहिला. एक दाणा प्रसेनजितच्या गालावर येऊन बसला, दुसरा महामायाच्या वेणीत अडकला. पोरगी म्हणाली, "पप्पा, नुकसान होतंय ना?" बाप म्हणाला, "तेवढं तुमचं." तिघं सावल्या लांब होईपर्यंत बसली.

फोन गेला नाही.

दुसऱ्या सकाळी मला त्या तीन पाठी दिसल्या.

हॉटेलात मी एवढंच म्हणालो, "धम्मा पोरं घेऊन वावरात काहीतरी शोधून राह्यला." बस. याहून एक शब्द जास्त नाही. किसनरावने कप विसळता विसळता विचारलं, "शोधून राह्यला? जमिनीत?" दुपारी भागवत न्हाव्याच्या दुकानात त्याचा हंडा झाला. संध्याकाळी देवळापाशी हंडे सात झाले आणि त्यांवर नागही बसला.

आणि मग, कबूल करतो, एक भर माझी. प्रसेनजित पायाळू आहे. जन्मताना आधी पाय आले. बेबीताईनेच सात वर्षांपूर्वी सांगितलं होतं, ते माझ्या डोक्यात पडून होतं. आता पायाळू पोराला जमिनीतलं धन दिसतं असं जुनी खोडं मानतात, हे तुम्हाला ठाऊकच असेल. मी फक्त म्हणालो, "पोरगं पायाळू हाय बरं का." माझ्या तोंडून ते असं घरंगळलं की मलाच कळलं नाही. भागवतचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर थांबला.

लोकांनी धम्मदीपला विचारलंही. "काय शोधता सकाळी सकाळी?"

"धागे."

"कायचे धागे?"

"कोळ्यायचे."

लोक हसले. कोळ्याचे धागे पाहायला कोणी पोटावर पडतं काय? माणूस एवढं साधं खोटं बोलतो म्हणजे हंडा नक्की आहे, असं ठरलं.

बेबीताईने मला रस्त्यात गाठलं. "रामरावभाऊ, तुमच्या तोंडाले कुलूप नाही काय हो? माह्या नातवाचं नाव घेऊन काय पसरवून राह्यले? हे हंडे-बिंडे आमच्या घरी चालत नाहीत, सांगून ठेवते."

"मी कुठी काय बोललो, बेबीताई? लोक बोलतात."

"लोक म्हंजे तुमीच. बाकीचे फक्त ऐकतात."

तिच्या या एका वाक्यावर मी रात्री नीट जेवलो नाही. पण तोवर गोष्ट माझ्या हातून सुटली होती. किसनरावची मेव्हणी अकोल्याला राजकुमारच्याच गल्लीत राहते. पाचव्या दिवशी तिच्याकडून मामाच्या कानावर गेलं: तुझा भाऊजी पायाळू भाच्याला घेऊन गुप्तधन काढतो आहे. विज्ञानाच्या मास्तराला हे! पोरीने फोन केलाच नव्हता. माझ्या जिभेने केला होता.

सहाव्या दिवशी तांबडं फुटायला आम्ही वीसेक माणसं धम्मदीपच्या शेजारच्या तुरीत दबा धरून बसलो. सातही हंडे कसे निघतात ते पाहायचं होतं. तुरीला फुलं आली होती, ती डोक्यावर गळत होती. किसनराव कुजबुजला, "फावडं तर दिसत नाही." भागवत म्हणाला, "पोतं हाय ना. भरून न्यायले." समोर तिघं बापलेकरं पालथी.

एवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. राजकुमार उतरला तो धुरा ओलांडून सरळ वावरात. इस्त्रीची पॅन्ट, पॉलिश केलेले बूट. "महामाया! प्रसेनजित! उठा. सामान घ्या."

पोरं उठली नाहीत. महामायाने मान न वळवता आवाज दिला, "मामा, तिथेच थांबा! पुढे पाय टाकू नका, तुटतील!"

"काय तुटेल?"

"खाली पडा."

"काय?"

"पालथे पडा, मामा. बूट काढून."

राजकुमारचा चेहरा असा झाला की तुरीत भागवतने तोंडात गमछा कोंबला. "भाऊजी," तो धम्मदीपला म्हणाला, "लोक काय बोलताहेत ते माहीत आहे तुम्हाला? सात वर्षांच्या पोराला..."

धम्मदीप उठून बसला. मेव्हण्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. त्या क्षणी त्याच्या तोंडावर जे होतं ते पाहून मला तुरीच्या बुडाशी जावंसं वाटलं. हा माणूस भांडू शकत नव्हता. त्याच्याकडे तेवढे शब्दच नव्हते. त्याने आपल्या पोटाखालचं पोतं ओढलं, झटकलं आणि मेव्हण्यासाठी अंथरलं. स्वतः नुसत्या धसकटांवर पालथा झाला.

"मामा, लवकर ना!" प्रसेनजित ओरडला. "सूर्य वर जाईल!"

मास्तराने बूट काढले. गुडघे टेकले. हात टेकले. पडला.

त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. किसनरावला राहवेना, तो तुरीतून म्हणालाच, "काय हाय हो सर?" तर राजकुमारने मागे न पाहता हात उचलला आणि पंजा दाखवला. थांबा. तोच पंजा.

आता कोण थांबतं? आम्ही वीस जण चोरासारखे बाहेर आलो आणि जिथे जागा मिळाली तिथे पडलो. माझ्या गुडघ्यांनी सोयाबीनच्या शेंगांसारखा आवाज केला. धसकट पोटात घुसलं. मी शिवी ओठांवर आणली, हनुवटी मातीला टेकवली, आणि शिवी तिथेच विरली.

माझ्या हनुवटीपासून थेट सूर्यापर्यंत नदी होती.

दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. रोज ज्या रानाकडे पाहून मी पुढे जातो, त्या रानात धसकटाधसकटाला धागे बांधलेले होते. एक-दोन नाही, अख्ख्या दोन एकरांत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हाताच्या बोटांइतक्या उंचीवर, एकाला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा. त्यांवर दव. आणि आडवं आलेलं ऊन त्यांवरून असं वाहत होतं की वाऱ्याची झुळूक आली की अख्खी नदी हलायची. कोणी एवढं विणलं? कधी विणलं? सत्तर वर्षं या मातीत काढली आणि मला कोणी सांगितलं नाही.

"माह्या पुढ्यात येते हो नदी!" किसनराव म्हणाला.

"तुह्या कुठी? माह्या तोंडापाशी येते सरळ," मी म्हणालो.

"खोटं. माह्याकडे येते!" हा भागवत.

वीस माणसं, वीस जागा, आणि प्रत्येकाची नदी त्याच्या त्याच्या हनुवटीशी येऊन थांबत होती. दुसऱ्याकडे जाताना कोणालाच दिसत नव्हती. राजकुमारने तोंड उघडलं. त्याला कारण ठाऊक असणार, तो समजावणार असं वाटलं. त्याने तोंड मिटलं.

"मामा, तिकडे पाहा," महामाया हळूच म्हणाली. "त्या काडीच्या शेंड्यावर. पिल्लू आहे. बूड वर करतंय. आता धागा सोडेल... उडालं! पाहिलं? आपल्या धाग्यावर बसून उडून जाऊन राह्यलं!"

मोहरीएवढं कोळ्याचं पिल्लू. एक धागा हवेत सोडला आणि त्याला लोंबकळून गेलं. मग दुसरं. मग तर सगळीकडून. आमच्या डोक्यांवरून चकाकत्या रेषा जात होत्या. भागवत श्वास रोखून होता, आपल्या फुंकरीने एखादं भलतीकडे जाईल म्हणून.

"पुस्तकात आहे हे," राजकुमार पुटपुटला. "मी शिकवतो हे. दरवर्षी शिकवतो." आणि थोड्या वेळाने, "तुम्हाला कसं माहीत, भाऊजी?"

"सोंगताना," धम्मदीप म्हणाला. "वाकलेलाच असतो ना आपण."

बेबीताई चहाची किटली घेऊन धुऱ्यावर आली आणि जागीच थबकली. अर्धं गाव आपल्या वावरात आडवं! मग तिची नजर मला सापडली. "काय रामरावभाऊ? लागला काय हंडा?"

मी मातीतून तोंड वर केलं नाही.

सूर्य हातभर वर आला आणि ऊन उभं झालं. आम्ही एकेक करून कण्हत उठलो आणि पाहिलं तर समोर नुसतं वाळकं रान. धसकटं, ढेकळं. राजकुमार वेड्यासारखा इकडेतिकडे पाहत होता.

"गेलं?"

"कुठी जाते?" धम्मदीप म्हणाला. "हाय तिथंच हाय. आपण उभं राह्यलो."

एवढं लांब बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

राजकुमारने बूट हातात घेतले. पोरीकडे पाहिलं, आणि फळ्यावरचा आवाज कुठेच नव्हता. "सामान?"

महामाया म्हणाली, "मामा, तुमचं रविवारी ठरलं होतं ना? रविवारीच या. पण शनिवारी मुक्कामाला. मम्मीला घेऊन. सकाळी सहाला तिला इथे पडायचंय." आणि मुठीतला फोन तिने मामाच्या खिशात सरकवला. "हा न्या. याचं इथे काही काम नाही."

"आणि उन्हाळा?" मामाने विचारलं. भाचीला विचारलं, पण पाहत होता भाऊजीकडे.

"उन्हाळ्यात धागे नसतात," पोरगी म्हणाली. मग तिने बापाकडे पाहिलं. "पप्पा, उन्हाळ्यात काय असतं?"

धम्मदीपने चारीकडे पाहिलं. या वेळी जरा जास्त वेळ पाहिलं. "असते काई काई. दाखवीन."

"मग येणार," महामाया म्हणाली.

"पूर्ण सुटी?" मामाने विचारलं. "भाऊजी, चालेल?"

"बरं," धम्मदीप म्हणाला. त्याचं ते बरं मी पारावर हजारदा ऐकलंय. या वेळी ते म्हणता म्हणता त्याने उगाच पोतं झटकायला घेतलं.

राजकुमार गाडीकडे निघाला तेव्हा त्याच्या उजव्या बाहीवर धागे चिकटले होते. तो झटकणार, एवढ्यात प्रसेनजित ओरडला, "मामा, झटकू नका! पिल्लू असेल!"

मग अकोल्याचा तो मास्तर अनवाणी गाडीत बसला, काच खाली केली, उजवा हात बाहेर काढून आडवा धरला आणि नुसत्या डाव्या हाताने, बैलगाडीच्या चालीने, खामगाव रस्त्याला लागला.