पंचवीस गोंधळांचा दाखला

पेडगावच्या भुजंग गोंधळ्याला हल्ली शाळेची इमारत नुसती दिसली तरी तोंड कडू होतं. साठी उलटलेला माणूस. आसपासच्या बावीस गावांतली ठरलेली घरं पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराण्याकडे आहेत. त्या घरांत लग्न झालं की देवीचा गोंधळ भुजंगनंच घालायचा, दुसऱ्या गोंधळ्यानं तो उंबरा ओलांडायचा नाही. बिरादरीचा हा कायदा मोडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. सातव्या वर्षी बापानं त्याच्या गळ्यात कवड्यांची माळ घातली, कमरेला संबळ बांधला आणि चौथीत शाळा सुटली. सुटली कसली, मास्तरांनीच सोडवली. रात्रभर गोंधळात जागलेलं पोर वर्गात पेंगायचं आणि मास्तर म्हणायचे, "नाच्या, तुजं इथं काय काम?"

त्याच शाळेला पुढं त्याच नाच्याची गरज पडली, हा त्या देवीचाच खेळ म्हणायचा.

भुजंगजवळ त्याची नात शिवकन्या राहते. आईबाप पुण्याकडे बांधकामावर. भुजंगचा मुलगा संबळाला हात लावायला लाजायचा, पण ही पोरगी सहाव्या वर्षी तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरून बसली. पोरीच्या जातीनं संबळ वाजवावा का, यावर बिरादरीत कुजबुज झाली. भुजंगनं ती एका कानानं ऐकली आणि दुसऱ्यानं सोडून दिली. दहावीला जाईस्तोवर शिवकन्या आजोबाच्या जोडीनं तीस-पस्तीस गोंधळांत वाजवून बसली होती. अभ्यासातही पोरगी पहिल्या पाचात. परभणीच्या मोठ्या कॉलेजात सायन्सला जायचं, हे तिनं आठवीतच ठरवलेलं होतं.

आणि एके दिवशी दत्तराव घरी आले. हे शाळेचे संस्थाचालक. यांच्या ओट्यावर भुजंग उभ्या जन्मात कधी बसलेला नाही, गोंधळाची सुपारीसुद्धा उभ्यानंच घ्यायची. आतापर्यंत त्याला 'भुजंग्या' म्हणणारे दत्तराव बाजेवर टेकले आणि म्हणाले, "भुजंगराव, जमाना बदललाय. नुसत्या मार्कावर भागत न्हाई आता. पोरगं चौफेर लागतंय."

चौफेर म्हणजे काय, ते हळूहळू बाहेर आलं. लोककलेचे पंचवीस प्रयोग केल्याचा दाखला जोडला की दहावीला दहा गुण वाढून मिळतात. दत्तरावांनी त्यासाठी एक लोककला मंडळ काढलं होतं, अर्थात कागदावर. त्यांचा पुतण्या हरिओम आणि गावातल्या खात्यापित्या घरची आणखी आठ पोरं असे नऊ अर्ज तयार होते. दहावा शिवकन्याचा. प्रत्येक अर्जावर गुरू म्हणून भुजंगची सही हवी होती.

"ही पोरं माज्याकडं शिकायला कवा आली?" भुजंगनं विचारलं.

"येतील की. फोटोपुरती येतील."

आली फोटोपुरती. शाळेच्या व्हरांड्यात नऊ जणांची रांग लागली. भुजंगच्या गळ्यातली माळ उतरवून एकाच्या गळ्यात घालायची, फोटो काढायचा, की ती दुसऱ्याच्या गळ्यात. एका पोराच्या आईनं पर्समधून बाटली काढली आणि माळेवर औषध फवारून ती रुमालानं पुसली. घामाची असते ना, म्हणाली. हरिओमनं संबळाकडे बघून विचारलं, "काका, तबला म्हणतात ना ह्याला?" सगळे हसले. भुजंगला शिसारी आली. चौथ्या पोराच्या गळ्यातून त्यानं माळ काढून घेतली, संबळ उचलला आणि घरी निघून आला.

कलेला मार्क द्यावेत का नाही, याबद्दल त्याचं म्हणणं अगदी साधं होतं. द्या, पण वाजवायला लावा आणि मग द्या. गणिताच्या पेपरात ढ पोरालासुद्धा तीन तास स्वतः बसावं लागतं.

संध्याकाळी दत्तरावांचा निरोप आला. दहाही अर्ज एकाच गठ्ठ्यात आहेत. गेले तर दहा जातील, नाहीतर तुझ्या नातीचा तेवढा राहील.

सही केली तर पोरीचं भलं होतंय, आणि काय, चार अक्षरं तर गिरवायची. भुजंगनं शिवकन्यालाच विचारलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आबा, ज्यानं संबळाला तबला म्हणलं त्याचे गुरू होणार का तुमी?" भुजंगनं सही केली नाही.

नऊ अर्ज तरीही गेले. गुरू म्हणून शाळेच्या गाडीच्या ड्रायव्हरनं सही केली. तो बिचारा गाडीत गाणी लावतो, तेवढाच त्याचा कलेशी संबंध. दहावा अर्ज दत्तरावांच्या कपाटात राहिला.

निकाल लागला. शिवकन्याला पाचशेपैकी चारशे साठ. हरिओमला चारशे पंचावन्न आणि वरचे दहा. परभणीच्या कॉलेजची यादी चारशे पासष्टला बंद झाली. हरिओम यादीत शेवटचा, शिवकन्या बाहेर. सगळ्या शाळेत जिला खरोखर संबळ वाजवता येतो, तिला कलेचा एकही गुण मिळाला नव्हता.

इथवरही भुजंगनं दात आवळून गिळलं असतं. पण दत्तरावांना मिरवायची भारी हौस. त्यांनी गावाच्या ग्रुपवर 'आमच्या मंडळाचे गुणवंत कलावंत' म्हणून अर्जाला जोडलेले व्हिडिओ टाकले. शिवकन्यानं हरिओमचा व्हिडिओ लावून मोबाईल आजोबापुढं धरला. तोंड कापलेलं, फक्त संबळ आणि दोन हात. ठेका असा खणखणीत की भुजंगची मान आपोआप डोलली. मग त्याला मनगटं दिसली. दोन्ही मनगटांत हिरव्या बांगड्या होत्या.

"माजे हात हायत, आबा," शिवकन्या म्हणाली. "गेल्या श्रावणात शाळेतल्या सरांनी माज्या अर्जासाठी घेतला होता ह्यो व्हिडिओ."

बांगड्या भरलेल्या हातांखाली पोराचं नाव, आणि त्या अर्जावर शिक्षण खात्यातल्या साहेबाचा शिक्का. म्हणजे कुणी बघितलंसुद्धा नव्हतं. भुजंग अंगणात गेला आणि थुंकला.

तुळशीचं लग्न झालं आणि दत्तरावांच्या मुलीचं लग्न निघालं. सुपारी घेऊन ते पुन्हा त्याच बाजेवर येऊन टेकले. भुजंगनं सुपारीला हात लावला नाही.

"मालक, घरात पंचवीस गोंधळ घातलेला गोंधळी हाय की तुमच्या. हरिओमच्या कमरंला बांधा संबळ."

"भुजंग्या, ही थट्टेची येळ हाय का? देवीचं काम हाय. दुसरा गोंधळी आमच्या दारात येत न्हाई, तुला ठावं हाय."

"लय चांगलं ठावं हाय. मग त्यो दाखला खोटा हाय असं लिहून द्या. शिक्षण खात्याच्या नावानं, तुमच्या सहीनं. कागद हातात पडला की म्या निघालो. सुपारीबी नको मला."

दत्तराव हटेनात. देवीचा कोप होईल म्हणाले, लेकीच्या संसाराला दृष्ट लागेल म्हणाले, एकदा तर डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. भुजंगनं फक्त घरातून कागद आणि पेन आणून बाजेवर ठेवला.

लग्न दणक्यात झालं. डीजे वाजला, हजार माणूस जेवलं. सात पिढ्यांत पहिल्यांदा त्या घरात गोंधळाविना मांडव उतरला. देवीचं देणं लेकीच्या डोक्यावर तसंच ठेवून दत्तरावांनी तिला सासरी पाठवली, पण पुतण्याचे दहा मार्क सोडले नाहीत.